यशस्वी नसल्याचा खुलासा

"पत्रकारिता हा धंदा नाही, ते व्रत आहे," संपादक म्हणाले, आणि व्रत म्हटलं की उपवास आलाच, हे ऐकणाऱ्यांना आपोआप समजावं म्हणून जरा थांबले. मग म्हणाले, "तेव्हा पगार याही महिन्यात थोडा लांबेल. आणि तो कोपऱ्यातला पंखा बंद करा कुणीतरी. खाली कोणी बसलेलं नाही."

खाली बातमीदार बसली होती. तिने उठून पंखा बंद केला.

"अरे, तू आहेस होय! बरं झालं. प्रवेशाच्या पुरवणीसाठी लेख हवाय. पत्रकारितेची पदवी घ्यावी का? कर्ज किती होतं, कमाई किती होते? तुझ्या हातचा विषय आहे."

विषय तिच्या हातचा नव्हता, मानेवरचा होता. पदवीसाठी तिने कर्ज काढलं होतं आणि त्याला जामीनदार म्हणून वडील उभे राहिले होते. आता हप्ते थकले होते. ते काही महिने पुढे ढकलावेत, असा तिचा अर्ज बँकेतल्या साहेबांच्या टेबलावर पडून होता. अर्ज नामंजूर झाला, तर बँक वडिलांच्या पेन्शनला हात घालणार होती. वडिलांना हे माहीत होतं. ते त्याबद्दल बोलत नसत. फक्त हल्ली त्यांना चहात साखर नको असे.

बातमीदाराने लेख जीव ओतून लिहिला. पदवीच्या पहिल्याच धड्यात शिकवतात की महत्त्वाचं ते वर लिहावं, कारण जागा कमी पडली की पान लावणारा खालून कापतो. पण त्या दिवशी तिच्या अंगात साहित्य संचारलं होतं. तिने वर टीव्हीवरचे चमकते चेहरे घेतले, त्यांच्या गाड्या घेतल्या, परदेशवाऱ्या घेतल्या. मग एका ओळीत एकटाच 'पण' लिहिला आणि त्याखाली खरं काय ते सांगितलं: हप्ता न चुकता येतो आणि पगार मनात आलं तर येतो, घरभाडं दिल्यावर जे उरतं त्याला उरणं म्हणत नाहीत, पदवी भिंतीवर लावायला खिळा लागतो आणि घरमालक खिळा ठोकू देत नाही.

रविवारची पुरवणी छापायला जाण्याआधी पत्रकारिता शिकवणाऱ्या एका कॉलेजची जाहिरात आली. पान लावणाऱ्याने नियमाप्रमाणे लेख खालून कापला. कात्री नेमकी 'पण'वर येऊन थांबली. तरीही बोटभर जागा उरली, म्हणून त्याने तिथे बातमीदाराचाच एक जुना फोटो लावला. कुठल्याशा पत्रकार परिषदेबाहेर, कुणाच्याशा गाडीला टेकून ती हसत होती. खाली ओळ होती: 'पदवीने आयुष्य बदलले!'

तसं पाहिलं तर यात खोटं काहीच नव्हतं.

सोमवारी सकाळी बँकेतून साहेबांचा फोन आला. "अभिनंदन हो मॅडम! पेपरात पाहिलं. गाडी छान आहे."

"साहेब, ती गाडी माझी नाही."

"असू दे, असू दे, पहिल्या गाडीचं असंच वाटतं. तेवढा तुमचा अर्ज मागे घ्या. यशस्वी माणसाचे हप्ते पुढे ढकलायची सोय आमच्याकडे नाही."

बातमीदार धावत संपादकांकडे गेली. "सर, उद्याच्या अंकात खुलासा हवा. मी यशस्वी नाही, असा."

संपादकांनी चष्मा काढला. "कशावरून?"

"सर, मी सांगतेय ना!"

"स्वतःबद्दल स्वतः सांगितलेलं आपण छापत नाही. दोन स्वतंत्र सूत्रं आण. हा नियम आहे. नियम मोडला की पत्रकारितेत उरतं काय?" पगार उरत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ती आधी किराणावाल्याकडे गेली. तिच्या उधारीचा त्याच्याइतका जाणकार दुसरा नव्हता.

"लिहून देतो की ताई," तो म्हणाला, "पण आधी उधारी फेडा."

"अहो, फेडली तर लिहून काय देणार?"

"तेही खरंच. पण कालपासून सगळे विचारतायत, एवढी मोठी बाई तुझ्याकडून माल नेते का? आज मी उधारीचं बोललो, तर दुकानाची अब्रू जाईल." गेली कित्येक वर्षं हा गृहस्थ पेपर फक्त पुड्या बांधायला वापरत होता. त्यातल्या एकाही ओळीवर त्याने कधी विश्वास ठेवला नव्हता. ठेवला तो नेमका याच रविवारी.

कचेरीतले हिशेबनीस म्हणाले, "पगार थकलाय असं मी म्हणू शकत नाही. पगार प्रक्रियेत आहे."

राहता राहिले वडील. ते घरी पुरवणीची घडी नीट करत बसले होते.

"बाबा, संपादकांना एक फोन करायचाय. एवढंच सांगायचं, की माझं काही बरं चाललेलं नाही."

"मी? माझ्या मुलीबद्दल? परक्या माणसाला?"

"तुमच्या पेन्शनसाठीच करतेय ना हे!"

"पेन्शन गेली खड्ड्यात," वडील म्हणाले आणि पुरवणी गादीखाली ठेवून वर बसले.

संध्याकाळी ती हात हलवत कचेरीत परत आली. संपादकांनी तिच्यापुढे एक कोरा कागद सरकवला. मग म्हणाले, "लिही खुलासा. पहिलं सूत्र मी. तुला काय मिळतं ते मला ठाऊक आहे."

"आणि दुसरं?"

"दुसरंही मीच. माझाही पगार किती महिने थकलाय, ते तुला ठाऊक नाही."

ठेच लागलेली बातमीदार या वेळी धडा विसरली नाही. तिने महत्त्वाचं वर लिहिलं: 'आमची बातमीदार यशस्वी नाही.' त्याखाली लिहिलं की हा दोष तिचा नसून पगार अनियमित आहे. ती कष्टाळू आहे, नोकरी पक्की आहे आणि थोडी सवड मिळाल्यास ती पै न् पै फेडील. मंगळवारच्या अंकात जागा कमी पडली. पान लावणाऱ्याने खालून कापलं.

"मॅडम," साहेबांचा पुन्हा फोन. "तुम्ही यशस्वी नाही, असं तुमचाच पेपर म्हणतोय. मग मला जामीनदारांना बोलवावं लागेल."

इकडे आड आणि तिकडे विहीर ऐकून होती ती, पण दोन्ही आपणच खणून ठेवल्याचा योग विरळाच. वडील इस्त्रीचा शर्ट घालून, पेन्शनचं पासबुक खिशात घेऊन बँकेत आले. साहेबांसमोर दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी ठेवलेली होती.

"यातलं खरं कोणतं?" साहेबांनी विचारलं.

बातमीदाराने मोबाइल काढला आणि कापलेल्या लेखाचा 'पण'च्या खालचा भाग त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी वाचला. वडिलांनीही मान वाकडी करून वाचला. खिळ्याच्या वाक्याशी साहेब थबकले.

"हे छापलं का नाही?"

"जागा नव्हती."

"आमच्या कन्येने तुमचा फोटो कपाटावर चिकटवलाय," साहेब मरगळलेल्या आवाजात म्हणाले. "पत्रकारच व्हायचं म्हणते. मी बापाच्या मायेने समजावतो, तर म्हणते, तुम्हाला काय कळतं, तुम्ही बँकेत आहात." त्यांनी अर्ज पुढे ओढला. 'मंजूर' असं लिहिलं आणि शिक्का मारला. "तुमची अडचण खरी दिसते. हा खालचा भाग मला पाठवा. तिला दाखवून बघतो."

बापलेक बँकेच्या पायऱ्या उतरू लागले. पेन्शन वाचली होती. पण लेकीने सारी दुर्दशा आपल्या हाताने लिहून ठेवली होती आणि ती आज बापाने वाचली होती. आता ते काहीतरी बोलतील, कदाचित नोकरी सोड म्हणतील, म्हणून ती जीव मुठीत धरून उतरत होती. शेवटच्या पायरीवर वडील थांबले.

"एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचारा ना, बाबा."

"रविवारची ती पुरवणी अजून एक मिळेल का गं? गादीखाली चुरगळली."

"बाबा, ती चुकीची होती!"

"वाचलं ना आत्ता सगळं. फोटो चांगला आलाय." त्यांनी पासबुक पुन्हा खिशात नीट सरकवलं. "फुकट मिळत असेल तरच आण हो."