अराबामावशीच्या पाच बुड्या

"पाण्याची चिंता मुळीच करू नका! पाणी हे खातं माझ्याकडे लागलं!"

एल्डर चिवेशेने शुक्रवारी संध्याकाळी छातीवर हात ठेवून असं जाहीर केलं. छातीवर हात ठेवून असं काही जाहीर करणाऱ्यांचं पुढे जे होतं, तेच त्याचं झालं!

एल्डर म्हणजे ज्येष्ठ. आणि या ज्येष्ठाचं वय वीस! मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाची पद्धतच तशी. मिसरूड फुटतंय न फुटतंय तोच पोराच्या अंगात पांढरा सदरा घालायचा, गळ्यात टाय बांधायचा, छातीवर नावाची काळी पाटी लावायची आणि दोन वर्षं घरापासून लांब देवाच्या कामाला धाडायचं. झिंबाब्वेतल्या मुतारे गावचा हा पोरगा असाच घानात येऊन पडला होता आणि गावं बदलत बदलत आता मानकेसिमला होता. त्याला घानात येऊन वीस महिने झाले होते, आणि या वीस महिन्यांत त्याच्या हातून किती जणांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे किती जणांना त्याने पाण्यात बुडवून पंथात घेतलं? एकाचाही नाही!

कष्टात कसूर नव्हती हो. उन्हातान्हात दारोदार हिंडून त्याच्या बुटांचे तळ गेले. लोक बसायला खुर्ची देत, प्यायला गार पाणी देत, आणि मग बायबल काढून त्यालाच शिकवत! एखादा तयार झालाच, तर नेमकी चिवेशेची बदली व्हायची आणि पुढच्या आठवड्यात दुसराच कुणी त्या माणसाला हौदात उतरवायचा. पेरायचं याने आणि कापणीला शेजारी!

आणि मग भेटली अराबामावशी.

बाजाराच्या तोंडाशी तिचा केंकीचा धंदा. आंबवलेल्या मक्याचे गोळे केळीच्या पानात गुंडाळून उकडायचे, तळलेल्या मासळीबरोबर विकायचे. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. पहिल्याच दिवशी तिने चिवेशेपुढे पानांचा ढीग सरकवला होता. "देवाचं सांगायचंय? सांग की! पण हात रिकामे ठेवून नाही. गुंडाळता गुंडाळता सांग!"

सात महिने तो आणि त्याचा जोडीदार केंकी गुंडाळत देवाचं सांगत होते. जोडीदार म्हणजे नायजेरियाचा एल्डर उदोफिया, अजून नवखा. त्यांच्यात गावात एकट्याने हिंडायचंच नाही असा नियम, त्यामुळे दोघे सतत बरोबर. चिवेशेला मलेरिया झाला तेव्हा मावशीने नऊ दिवस पेज आणून पाजली. त्या नवव्या दिवशी रिकामा वाडगा उचलताना ती म्हणाली, "मी विचार केलाय. मला घ्या तुमच्यात. पण पाण्यात मला हाच उतरवणार. दुसरा कुणी नाही!"

चिवेशेला ताप उतरल्यासारखं वाटलं. शनिवार ठरला, आणि बुधवारी मिशनच्या साहेबांचा फोन आला. बदली! मंगळवारी सकाळी गाव सोडायचं. म्हणजे त्याच्या हाताशी हा एकच शनिवार होता. तो हुकला की मावशीलाही दुसरा कुणी तरी हौदात उतरवणार, आणि हा कोरडाच घरी जाणार!

म्हणून शुक्रवारची ती घोषणा. प्रार्थनाघराच्या आवारात फरशीचा हौद होता. त्याचं रबरी बूच हरवलं होतं. चर्चच्या इथल्या शाखेचे अध्यक्ष क्वांसा म्हणजे निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, "उद्या सकाळी नवीन बूच आणून मग भरू या."

"छे, सर! बूच काय, मी करतो!" चिवेशेने एका जुन्या मोज्यात केळीची पानं ठासली, गोळा करकचून बांधला आणि भोकात बसवला. नळ सोडला. तीन तासांत हौद काठोकाठ! "बघून ठेव," तो उदोफियाला म्हणाला, "याला म्हणतात अनुभव!"

सकाळी सात वाजता दोघे येऊन बघतात तो हौद ठणठणीत कोरडा! तळाशी मोज्याचा गोळा आणि एक बेडूक. बेडूकही नाराज दिसत होता.

चिवेशेने नळ सोडला. नळाने घशातल्या घशात खर्रर्र केलं, एक सुस्कारा टाकला आणि तो गप्प झाला. शनिवारी गावाला पाणी नसतं, हे अनुभवी माणूस विसरला होता!

"टँकर!" उदोफिया म्हणाला.

टँकरवाल्याने फोन उचलला. मागे ढोल वाजत होते. "आज? शनिवारी? अहो, आज गावात चार मयती आहेत! पाहुण्यांना आंघोळी नकोत? मेलेल्यांना सोडून तुमच्याकडे कसा येऊ?"

"आमच्याकडे जिवंत माणूस आहे हो, दहा वाजता!"

"मग तो सोमवारपर्यंत थांबेल की!" आणि फोन बंद.

आता मावशीला सांगण्याशिवाय इलाज नव्हता. दोघे मान खाली घालून बाजारात गेले. मावशी धंदा लवकर आटपत होती आणि शेजारी तिची थोरली बहीण एकुआ कमरेवर हात ठेवून उभी होती. एकुआ कट्टर मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्याच ख्रिस्ती पंथाची. बहिणीच्या या नव्या खुळाबद्दल ती सात महिने धुमसत होती.

"मावशी," चिवेशे म्हणाला, "हौद... म्हणजे मी बूच... म्हणजे पाणी गेलं."

एकुआला तर जत्राच गवसली! "ऐकलंत का गं बायांनो? आमच्यात बाळाच्या कपाळावर तीन थेंब शिंपडतात, झालं काम! हिच्या चर्चला हौद लागतो, आणि हौदात पाणी नाही!"

अख्खी केंकीआळी हसली. चिवेशेचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. मावशी मात्र हसली नाही. तिने शांतपणे हात पुसले.

"एकुआ, तुझ्या टाकीत किती पाणी आहे?"

"माझ्या? काठोकाठ आहे! पण ते मेथडिस्ट पाणी आहे, सांगून ठेवते!"

"पाण्याला काय ठाऊक ते कुठल्या चर्चचं आहे! वर्षाला एक वस्तू मागते तुझ्याकडे. पाणी देतेस की मी मच्छीवाल्या जोआनाकडे मागू?"

जोआनाचं नाव निघताच एकुआचा चेहरा बदलला. त्या दोघींचं अकरा वर्षं वाकडं होतं. "त्या बाईचं पाणी? माझ्या बहिणीच्या अंगावर? मी मेल्यावर!" असं म्हणत तिने डोक्यावरचं फडकं सोडून त्याची चुंबळ केली आणि त्यावर पत्र्याचं घमेलं चढवलं. "चला गं! बघताय काय!"

मग निघाली मिरवणूक. पुढे एकुआ, मागे अकरा केंकीवाल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर पाण्याने भरलेलं घमेलं, आणि त्यांतून थेंब सांडत नव्हता. सगळ्यांच्या मागे पांढऱ्या सदऱ्यातले दोन ज्येष्ठ, हातात बादल्या, आणि बादल्यांतलं निम्मं पाणी बुटांत! या बायांतल्या एकीनेही चिवेशेचं एक अक्षर कधी मानलं नव्हतं. प्रत्येकीने त्याला बायबलात हरवलं होतं. आणि आज त्याच बाया उन्हात त्याच्या हौदासाठी खेपा घालत होत्या. चिवेशेने बादली खाली ठेवून बाहीने डोळे पुसले. देवा, मी या गावाला काय दिलं आणि हे गाव मला काय देतंय, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात पुढून कुणी तरी ओरडलं, "ए पाटीवाल्या, रडतोस काय? पाय उचल!"

बारा वाजता पाणी मांडीपर्यंत आलं आणि एकुआची टाकी संपली.

"पुरेल," अध्यक्ष क्वांसा म्हणाले. "खाली बसवून मागे झोपवा. पण लक्षात ठेवा, पूर्ण बुडाली पाहिजे. बोट वर राहिलं तरी पुन्हा करायचं!"

हे बघायला दोन साक्षीदार असतात. एक अध्यक्षांच्या सौभाग्यवती आणि दुसरे ब्रदर अबाका, गावातले शिंपी. मावशीच्या मापाचा पांढरा झगा तयार मिळेना, म्हणून अबाकांनी दोन पलंगपोसांचा खास शिवला होता. घेरदार, चुणीदार, खाली झालर! आयुष्यात एवढं कापड त्यांना कधी मिळालं नव्हतं.

मावशी हौदात उतरली. केंकीवाल्या काठाभोवती दाटीवाटीने उभ्या. चिवेशेने उजवा हात वर केला, मावशीचं पूर्ण नाव घेतलं, "अराबा बेंत्सिवा इसुमान," नेमून दिलेले शब्द बिनचूक म्हटले आणि तिला मागे झोपवलं.

मावशी खाली गेली. झगा वर आला! त्यात हवा भरून असा टम्म फुगला की हौदात दुसरी मावशी निघाल्यासारखी दिसली.

"झालर वर होती!" अबाका ओरडले. आवाजात दुःख होतं, पण थोडा अभिमानही होता. "कापड हलकंच आहे तसं. बघा, कसं तरंगतं!"

"पुन्हा!" अध्यक्ष म्हणाले.

दुसऱ्या खेपेला उदोफियाने झगा काठावरून काठीने दाबून धरला. झगा बुडाला. पण मावशीचा उजवा अंगठा पाण्याबाहेर येऊन सगळ्यांना बघत राहिला.

"अंगठा!" सौभाग्यवती म्हणाल्या.

"अंगठा!" अकरा केंकीवाल्या म्हणाल्या. आता त्यांना खेळाचे नियम कळले होते!

तिसऱ्या खेपेला मावशीने घाबरून नाक धरलं ते इतकं घट्ट, की कोपर मशिदीच्या मिनारासारखं उभं. "गेली, गेली, गेली... कोपर!" असा बायांनी गलका केला. एकुआ तर कपाळाला हात लावून बसली. "तीन थेंब गं, अराबा! फक्त तीन थेंब! अजून वेळ गेलेली नाही!"

सकाळपासून चिवेशेच्या पोटात अन्न नव्हतं, आणि मावशी म्हणजे काही कापसाची गादी नव्हे! डोळ्यांपुढे मंगळवारची गाडी दिसू लागली. आता याला नाही जमत, दुसऱ्याला बोलवा, असं कुणी म्हटलं तर? त्याने मावशीकडे बघितलं. भिजलेली, दमलेली, तरी डोळे मिटून हात जोडून ती पुन्हा तयार होती. त्याची आई अशीच बसायची जेवणाआधी, डोळे मिटून. त्याने हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "सेकाई चिवेशे, येशू ख्रिस्ताने दिलेल्या अधिकाराने..."

आणि मावशीला बुडवलं! झगा आत, अंगठा आत, कोपर आत! बायांनी टाळ्या पिटल्या!

"थांबा!" अध्यक्ष म्हणाले. "ही सेकाई कोण?"

मावशी पाण्यातून वर आली ती कमरेवर हात ठेवूनच. "हो रे! कोण ही सेकाई? बुडायचं मी आणि पुण्य तिला?"

"आई," चिवेशे पुटपुटला. "माझी आई."

एकुआनेदेखील फडक्याआड नाक पुसलं.

"आई होय," मावशी हळूच म्हणाली. तिने ओल्या हाताने त्याच्या गालावर थोपटलं. "पोरा, सात महिने कुणी तरी रोज माझं नाव घेऊन देवाशी बोलतंय, तेवढ्याने मी तरले. आज एकदा तिचं घेतलंस तर माझं काही कमी झालं नाही. चल, आता माझं घे."

चिवेशेला रडू आवरेना. पण तोंडावर आधीच पाणी होतं, म्हणून निभावलं. त्याने नाव घेतलं. तिचंच. शब्द म्हटले. एकूण एक बरोबर. मग सगळं बळ एकवटून तिला मागे झोपवायला गेला, आणि फरशीवरून त्याचा पाय सटकला!

धप्प!

अर्धा हौद बायांच्या अंगावर! हौदात ना मावशी दिसे, ना ज्येष्ठ. झगा नाही, अंगठा नाही, कोपर नाही. काहीही वर नाही! मग पाण्यातून मावशी उगवली, सावकाश, आणि तिच्या मुठीत कॉलर धरलेला चिवेशे, मांजरीने उचललेल्या पिल्लासारखा.

सगळे साक्षीदारांकडे बघू लागले.

"पूर्ण बुडाली," सौभाग्यवती म्हणाल्या.

"पूर्ण," अबाका म्हणाले. "झालरीसकट."

मग जो काही आरडाओरडा झाला म्हणता! बाया नाचल्या, एकुआ सगळ्यात पुढे नाचली आणि "माझ्या टाकीचं पाणी!" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली. मावशीने चिवेशेच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि आईने पोराचं पुसावं तसं खसाखसा पुसलं. वीस महिन्यांचा शीण कुठल्या कुठे गेला. सोमवारी आईला फोन केला तेव्हा तो दहा मिनिटं नुसता 'थँक्यू' म्हणत होता. आई म्हणाली, "बरा आहेस ना? पुन्हा ताप नाही ना आला?"

मंगळवारी सकाळी तो गाडीच्या थांब्यावर उभा राहिला. उदोफिया आणि रात्रीच आलेला त्याचा नवा जोडीदार पोचवायला आले होते. चिवेशे गाडीत बसला. गाव आता आपल्याला त्या एका कामासाठी तरी ओळखत असेल, अशा समाधानात त्याने खिडकीबाहेर पाहिलं. तेवढ्यात डोक्यावर पावाची टोपली घेतलेली एक अनोळखी बाई खिडकीशी आली. त्याची पाटी वाचली, चेहरा न्याहाळला आणि तिचं तोंड आनंदाने फुललं.

"अगं बाई, हाच तो! केंकीवाल्या अराबाने बाप्तिस्मा दिला तो पोरगा! सगळं गाव बोलतंय! छान झालं हो, उशिरा का होईना, तुला देव भेटला!"

"अहो, नाही," उदोफिया खालून घाईघाईने म्हणाला, "उलट यानेच तिला..."

चिवेशेने हात वर करून त्याला थांबवलं. वीस महिने, पाच बुड्या, एक मोजा! क्षणभर त्याला खरं सांगावंसं वाटलंही. पण खरं काय होतं, हे त्याचं त्यालाच आता नीटसं सांगता आलं नसतं.

"हो, मावशी," तो म्हणाला. "पण माझं एका बुडीत झालं बरं का!"