सत्त्याऐंशी टक्के

संगणकाने माणसाला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे वाट पाहण्याला आलेली प्रतिष्ठा. पूर्वी रिकामा बसलेला माणूस रिकामाच दिसायचा. त्याला कोणीही हटकायचे, दुकानात पिटाळायचे, निदान दोन शब्द सुनवायचे. आता त्याच माणसासमोर टक्के दाखवणारी हिरवी पट्टी असली, की लोक त्याच्या मागून पाय न वाजवता जातात. तो काम करत असतो. पट्टी सरकत असते, आणि तो ती सरकताना पाहत असतो.

या कामाची थोरवी ज्यांना लवकर कळली, त्यांत त्या शाळेच्या हेडसरांचे नाव वरचे लागेल. हेडसर भला माणूस. मुलांवर त्यांचा मनापासून जीव होता, आणि परिपत्रकांवर त्याहून थोडासाच जास्त. एखादी गोष्ट कागदावर आली की ती झालीच, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि तीस वर्षांच्या नोकरीत तिला तडा जाण्यासारखे काही घडले नव्हते. (जे घडले ते कागदावर आले नव्हते.)

झाले असे, की सहावीतल्या एका मुलीचे डोळे अधू झाले. घरी तिला ठकी म्हणत, म्हणून शाळेतही सगळे ठकीच म्हणत. डोळ्यांवर उपचार चालू असताना तिची वार्षिक परीक्षा बुडाली. आता तिला जाड पेनाने मोठमोठी अक्षरे लिहिता येत होती, पण छापलेले वाचता येत नव्हते. ऐकलेले मात्र तिच्या डोक्यात पक्के बसायचे. वर्गात बाईंनी सांगितलेले ती आठवड्याने तसेच्या तसे म्हणून दाखवी, अगदी बाईंच्या खोकल्यासकट.

शाळेने तिच्यासाठी वेगळी परीक्षा ठरवली. एकच पेपर, नऊ प्रश्न, सोमवारी सकाळी साडेदहा ते साडेबारा. पास झाली तर मैत्रिणींबरोबर सातवीत, नाही तर पुन्हा सहावीत, स्वतःपेक्षा वर्षाने लहान मुलांच्या रांगेत. पेपर तिने वाचायचा कसा, हा प्रश्न आला तेव्हा हेडसरांनी एका सदाशय मंडळाला पत्र लिहिले, आणि मंडळाने नवा कोरा संगणक पाठवला. सोबत ‘वाचनसखा’ नावाचे सॉफ्टवेअर. ते संगणकात बसवले, की समोर ठेवलेला कोणताही मजकूर स्पष्ट, गोड आवाजात वाचून दाखवते, असे खोक्यावर लिहिले होते. परीक्षेला चार आठवडे अवकाश होता, आणि सॉफ्टवेअर बसायला दोन तास लागणार होते.

एवढे सोपे काम कोणा एकावर सोपवणे बेजबाबदारपणाचे ठरले असते. म्हणून समिती नेमली. अध्यक्ष हेडसर. सदस्य चित्रकलेच्या बाई (त्यांनी पूर्वी फळ्यावर संगणकाचे हुबेहूब चित्र काढले होते), पीटीचे सर (खोके जड होते), ग्रंथपाल (वाचनाशी संबंध), विज्ञानाच्या बाई (त्यांना टाळले असते तर रुसल्या असत्या) आणि हेडक्लार्क. हेडक्लार्कचे काम समिती जमली आहे असे लिहून ठेवणे. एखादे दिवशी समिती जमली नाही तरी हे काम अडत नसे.

कामाची पद्धत पहिल्याच दिवशी ठरली. पावणेअकराला सगळ्यांनी जमायचे, कालच्या सभेचे इतिवृत्त ऐकायचे, सह्या करायच्या आणि बरोबर सव्वाअकराला हेडसरांनी उजव्या हाताच्या तर्जनीने ‘सुरू करा’वर टिचकी मारायची. मग पट्टीकडे पाहायचे. एक वाजता मधल्या सुट्टीची घंटा झाली की सगळ्यांनी डबे घेऊन शिक्षकखोलीत जायचे, कारण संगणकाजवळ खाण्यास मनाई होती. पावणेदोनला परत यायचे.

पहिल्या दिवशी पावणेदोनला सगळे परत आले तेव्हा पडदा काळा होता. संगणक पुन्हा सुरू केल्यावर त्यावर अक्षरे आली : ‘काम सत्त्याऐंशी टक्क्यांवर थांबले. पुन्हा प्रयत्न करा.’

दुसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी. तिसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी.

चौथ्या दिवशी हेडसरांनी मदत केंद्राला फोन लावला. आपला फोन केंद्रासाठी किती महत्त्वाचा आहे हे त्यांनी वीस मिनिटे ऐकले, आणि खरे सांगायचे तर त्यांना ते आवडले. शाळेत इतक्या वेळा कोणी म्हणत नसे. मग एक ताई बोलल्या.

“सर, संगणक एकदा बंद करून सुरू केलात का?”

“तो आपला आपणच बंद होतो, ताई. आम्ही फक्त सुरू करतो.”

“छान. म्हणजे अर्धं काम होतंय. आणखी काही मदत करू शकते का?”

“आणखी म्हणजे? पहिली मदत कुठली झाली?”

“त्याची नोंद घेतली आहे, सर. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?”

हेडसरांनी चार दिले. शिक्षकाचा हात, पैकीच्या पैकी देताना तो अडतो.

यानंतर समितीने शास्त्रशुद्ध उपाय हाती घेतले. माऊस बदलला. संगणकाचे तोंड खिडकीकडून भिंतीकडे केले. पीटीच्या सरांनी एक पूर्ण दिवस वायर हाताने घट्ट धरून ठेवली (सव्वाअकरा ते एक, नंतर डबा). ग्रंथपालांनी खोक्यातली माहितीपुस्तिका क्रमांक टाकून, पुठ्ठा घालून कपाटात ठेवली, त्यामुळे ती सुरक्षित राहिली आणि कोणाच्या हाती लागली नाही. विज्ञानाच्या बाईंनी खोलीतली हवा दमट असल्याचे सांगितले. दमट नसती तर कोरडी असल्याचे सांगायचीही त्यांची तयारी होती.

अठरा प्रयत्नांनंतर चित्रकलेच्या बाईंनी रंगीत आलेख काढला. तो आजही पाहण्यासारखा आहे. चौदा वेळा काम सत्त्याऐंशी टक्क्यांवर थांबले होते. एकदा एकोणऐंशीवर (त्या दिवशी घंटेचे घड्याळ दहा मिनिटे पुढे होते). तीन वेळा सदतीसवर (हे तिन्ही शनिवार, शनिवारी शाळा बाराला सुटते). समितीने आलेखाचा दीड तास अभ्यास करून निष्कर्ष काढला, की यंत्राला शनिवारी थकवा येतो.

इथे शाळेच्या एका अभिमानास्पद गोष्टीचा उल्लेख करायला हवा. तीन वर्षांपूर्वी हेडसरांनी विजेच्या बचतीसाठी एक परिपत्रक काढले होते : ‘खोली रिकामी, तर मेन स्विच बंद.’ शाळेचे शिपाईमामा ते तंतोतंत पाळत. घंटा दिली की ते प्रत्येक खोलीशी जात, डोकावून पाहत, कोणी नसले की दाराजवळची मोठी कळ खाली ओढत, आणि सुट्टी संपायच्या आधी ती परत वर करत. या शिस्तीबद्दल शाळेला प्रमाणपत्र मिळाले होते. (प्रमाणपत्र आणि सत्त्याऐंशी टक्के यांचा संबंध जोडून पाहणे हा विषय कार्यसूचीवर नव्हता.)

शिपाईमामा दोनदा सभेच्या दारापर्यंत आलेही.

“सर, एक बोलू का? तो मशीनचा जो—”

“मामा, सभा चालू आहे.”

“नाही, मी काय म्हणतो, दुपारी मी—”

“मामा, हे तांत्रिक आहे.”

तांत्रिक म्हटल्यावर मामा गेले. इतिवृत्तात ‘पाणी आणून देण्यात आले’ एवढीच नोंद आहे.

ठकीची आई शिवणकाम करायची. गळ्यात टेप तशीच लटकत ठेवून ती एक दिवसाआड फाटकाशी येऊन उभी राहायची.

“सर, झालं का हो? पोरगी रोज विचारते. रात्रंदिवस तेच घोकत बसलीय. वर्ष गेलं तर खचेल हो ती.”

“ताई, वर्ष कसं जाईल? सत्त्याऐंशी टक्के काम झालेलं आहे.”

“मागच्या मंगळवारीही तेवढंच होतं ना?”

“बघा ना. एवढ्या दिवसांत एक टक्काही मागे गेलेलं नाही.”

आई गळ्यातली टेप गुंडाळत परत गेली. मोठ्या संस्थांमध्ये समाधान बहुधा याच मार्गाने होते.

चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी हेडसर चष्म्याचे घर विसरले, म्हणून मधल्या सुट्टीत संगणकाच्या खोलीकडे परत आले. दारात शिपाईमामा. त्यांचा हात कळीवर. कळ खाली आली, आतला पंखा घरघरून थांबला, पडदा काळा झाला.

“मामा! हे काय करताय?”

“खोली रिकामी, सर.”

“अहो, पण आत संगणक चालू आहे!”

“तुमच्या कागदात संगणकाचं काही नाही. खोलीचं आहे.” मामांनी वरच्या खिशातून घड्या पडून मऊ झालेले परिपत्रक काढले. “तीन वर्षांत एक दिवस चुकलो असेन तर सांगा. सही तुमचीच आहे.”

हेडसर सहीकडे बघत राहिले. सही सुरेख होती. त्यांच्या मनात दोन वाटा उभ्या राहिल्या. एक, परिपत्रक रद्द करायचे. पण मग प्रमाणपत्राचे काय, आणि एकवीस दिवसांच्या इतिवृत्ताचे काय? दुसरी वाट मात्र त्यांच्या अनुभवाला शोभणारी होती. परिपत्रकाला हात न लावता त्यांनी दुसरे परिपत्रक काढले, की मधल्या सुट्टीत पीटीच्या सरांनी डबा न घेता संगणकाच्या खोलीत बसावे, जेणेकरून खोली रिकामी राहणार नाही.

गुरुवारी मामा आले, पीटीच्या सरांना पाहून नुसती मान हलवून पुढे गेले, आणि सव्वाला पट्टी शंभर टक्के झाली. बातमी पोचताच शिक्षकखोलीतून टाळ्या ऐकू आल्या. पीटीच्या सरांनी सुचवले, “आता एकदा चालवून बघू या का?” पण चालवताना बिघडला तर? तेव्हा संगणकावर स्वच्छ कापड घालून तो शुक्रवार-शनिवार जपून ठेवण्यात आला.

सोमवारी ठकी दहा वाजताच आली. दोन वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक, हातात तीन जाड पेने. आईला बाहेर बाकावर बसवले. ठकीला संगणकासमोर बसवले. तिच्या मागे समिती अर्धगोल करून उभी राहिली, आणि दारात शिपाईमामा, आज कळीपासून हात लांब ठेवून. साडेदहाच्या ठोक्याला हेडसरांनी लिफाफा फोडून प्रश्नपत्रिका हातात घेतली आणि वाचनसखावर टिचकी मारली.

पडद्यावर अक्षरे आली : ‘वाचनसखाची नवी, अधिक चांगली आवृत्ती बसवत आहोत. कृपया संगणक बंद करू नका. शून्य टक्के.’

“काय झालं, सर?” ठकीने विचारले.

“काही नाही, बाळ. आणखी चांगलं होतंय.”

अकरा वाजता पंचवीस टक्के झाले. मदत केंद्राच्या ताईंनी फोनवर नव्या आवृत्तीबद्दल अभिनंदन केले. साडेअकराला पन्नास टक्के. ग्रंथपाल घाम पुसत होते. चित्रकलेच्या बाईंचे डोळे भरून आले होते. हे खोटे नव्हते, बाईंचा ठकीवर खरेच लोभ होता. समितीतले कोणी बसले नाही, कोणी डबा उघडला नाही, कोणी जागचे हलले नाही. सगळे पट्टीकडे पाहत होते. ठकीने पेनाचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले.

“सर, पहिला प्रश्न काय असेल हो?”

हेडसरांनी हातातल्या कागदाकडे पाहिले. पहिला प्रश्न त्यांनी मनातल्या मनात वाचला, आणि त्यांना फार बरे वाटले. पोरीला हा नक्की येणारा होता. दुसराही वाचला. तोही येणारा होता.

“थोडं थांब, बाळ,” ते मायेने म्हणाले. “कळेलच आता. साठ टक्के झालंय.”

साडेबाराला पट्टी भरली. त्याच क्षणी घंटा झाली, आणि वेळ संपल्यामुळे विज्ञानाच्या बाईंनी ठकीच्या पुढ्यातला कोरा कागद उचलून घेतला. नियम तो नियम. मग हेडसरांनी प्रश्नपत्रिका समोर धरली, आणि संगणक बोलला. आवाज खरोखरच स्पष्ट आणि गोड होता. प्रश्न ऐकताच ठकी ताडकन म्हणाली, “हे मला येतं!” आणि तिने सबंध उत्तर एका दमात म्हणून दाखवले. पुढचेही येत होते. नऊच्या नऊ. पण तोवर पेपर झालेला होता.

ठकी सहावीत राहिली. अहवालात ‘सॉफ्टवेअर यशस्वीरीत्या बसवण्यात आले’ असे नमूद आहे, आणि ते अक्षरशः खरे आहे.

आता शेवटचा हिशेब, तोही फक्त नोंद म्हणून. त्या दोन तासांत त्या खोलीत वाचता येणारी मोठी माणसे सात होती. (शिपाईमामा धरून, त्यांना परिपत्रके छान वाचता येतात.) ऐकता येणारी मुलगी एक होती. प्रश्नपत्रिका उघडी होती आणि हातात होती. नऊ प्रश्न सावकाश, मोठ्याने वाचायला चार मिनिटे लागतात.

तुम्ही हसलात ते योग्यच आहे. मेन स्विचची गोम तुम्ही आलेख पाहताक्षणी ओळखली असेल, समितीपेक्षा किती तरी आधी. मग गुरुवारी पट्टी भरली तेव्हा तुम्हाला हायसेही वाटले असेल, आणि सोमवारी पुन्हा शून्य टक्के दिसल्यावर तुम्ही चुकचुकलात. म्हणजे इतका वेळ तुम्हीही त्या अर्धगोलातच उभे होतात, आमच्याबरोबर, पट्टीकडे तोंड करून.