बाथरूमपर्यंत आलेला फायबर

फायबर घरात आला खरा, पण फक्त बाथरूममध्ये.

मागच्या गल्लीत तो महिन्यापूर्वीच पोहोचला होता. तिकडची मंडळी आता पिक्चर मध्येच न अडकता बघत आणि तसं गच्चीवरून ओरडून सांगत. पुढची गल्ली 'पुढच्या टप्प्यात' होती, आणि हा पुढचा टप्पा दर महिन्याला इमानेइतबारे पुढे सरकत होता. या घराचं तोंड पुढच्या गल्लीत आणि पाठ मागच्या गल्लीकडे. कंपनीचा माणूस मोबाइलवर टप्प्यांचा नकाशा उघडून घरभर हिंडला; जोडणी मिळणारा भाग निळा, बाकी लाल. हॉलमध्ये लाल, स्वयंपाकघरात लाल. शेवटी त्याने घराच्या अगदी मागच्या टोकाला असलेल्या बाथरूमचं दार ढकललं आणि मोबाइल निळा झाला.

"जमलं! डबा इथं बसेल," तो म्हणाला.

"इथं? गिझरशेजारी?" सून किंचाळलीच.

"ताई, निळ्यात असेल तरच डब्याचा फोटो अपलोड होतो. दोन फूट अलीकडे घेतला तर माझी नोकरी जाईल."

"आणि नाही बसवला तर माझी!"

हे मात्र खरं होतं. सुनेला चार दिवसांपूर्वीच घरून करायची नोकरी लागली होती, तीही तीन वर्षं अर्ज करकरून. अट एकच, घरी फायबर हवा. डबा बसला. सासूबाईंनी त्यावर आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवली. बाथरूमच्या भिंती इतक्या जाड की सिग्नल दाराबाहेर पाऊल टाकेना, तेव्हा सून पालथ्या बादलीवर बसून, वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून मीटिंगा करू लागली. घरच्यांच्या आंघोळी तिच्या चहाच्या सुट्टीत उरकू लागल्या. नवरा शेजाऱ्यांकडे दाढी करू लागला. पण कुणाची तक्रार नव्हती. पोरगी किती वर्षांनी खुलली होती!

तक्रार होती फक्त सासऱ्यांची, आणि तीही तत्त्वाची. आप्पा चौतीस वर्षं मोजणी खात्यात होते. सख्ख्या भावाच्या कुंपणाची वीतभर घुसखोरी त्यांनी स्वतः मोजून काढली होती, आणि तो भाऊ तेव्हापासून बोलत नव्हता. कंपनीने दोन टप्प्यांमधली रेघ वॉर्डाच्या हद्दीवरून घेतली आहे हे कळताच आप्पा टेप घेऊन बाजूच्या बोळात उतरले. हद्दीचा दगड तिथेच, बाथरूमच्या मागच्या कोपऱ्यापलीकडे होता.

तासाभराने ते विजयी मुद्रेने आत आले.

"मोबाइलची रेघ साफ चुकलीय. खरी हद्द बाथरूमच्या मागून जाते."

"म्हणजे काय हो?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे बाथरूमसुद्धा लालच! मी कंपनीला लेखी कळवलंय."

सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

"अहो, आपलाच फायबर तोडायला आपणच अर्ज केलात?"

"चूक ती चूक. ती आपल्या फायद्याची आहे म्हणून बरोबर होत नाही."

"आप्पा, माझी नोकरी..." सून म्हणाली. तिचे डोळे भरून आले. आप्पांनी ते पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. पण अर्ज गेला होता. एरवी फोन न उचलणाऱ्या कंपनीने याच अर्जाला तासाभरात उत्तर दिलं. गुरुवारी अकरा वाजता इंजिनिअर येऊन दगडापासून नव्याने मोजणी करणार होता.

गुरुवारी नऊ वाजता सून बादलीवर बसून मीटिंगमध्ये होती. बाहेर काहीतरी घासल्याचा आवाज आला. तिने माइक बंद केला, बादलीवर उभी राहिली आणि खिडकीतून बोळात डोकावली. सासूबाई पदर खोचून, पहारीने हद्दीचा दगड उपटून पुढे लोटत होत्या. गुडघेदुखीमुळे जिना न चढणाऱ्या सासूबाई! त्यांनी दगड स्वयंपाकघराच्या खिडकीखाली रोवला, हात झटकले आणि आत जाऊन कुकर लावला.

साडेनऊला नवरा आला. आईचा पराक्रम त्याला ठाऊक नसावा. दगड दिसला तिथून त्याने उपसला आणि धापा टाकत थेट फाटकाजवळ नेऊन रोवला. घाईत तो चांगलाच तिरका बसला.

"तुमचा कॅमेरा चालू आहे," लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज आला. "बादलीवर का उभ्या आहात?"

"रेंज बघतेय, सर," तिने माइक चालू करून सांगितलं.

साडेदहाला आप्पा टेप घेऊन बोळात उतरले. आप्पा कोपऱ्यापलीकडे गेले. तिथे नुसता खड्डा. ते स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आले. तिथेही खड्डा. मग त्यांना फाटकाजवळचा दगड दिसला. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा घराकडे, आणि एकदा बाथरूमच्या खिडकीकडे. सून झटकन खाली बसली.

पुन्हा डोकावली तेव्हा आप्पा फाटकाजवळ उकिडवे बसले होते. दगड त्यांनी मागे नेला नव्हता. तिरका दगड मात्र त्यांना बघवेना. ओळंबा लावून त्यांनी तो सरळ केला, भोवतीची माती ठोकून घट्ट केली आणि परतताना पायाने दोन्ही खड्डे बुजवले.

अकराला इंजिनिअर आला. त्याने दगडावर यंत्र ठेवलं, आकडे पाहिले, आप्पांचा अर्ज पाहिला आणि डोकं खाजवलं.

"आजोबा, तुम्ही लिहिलंय हद्द बाथरूमच्या मागून जाते. ही तर फाटकातून जातेय! तुमचं अख्खं घर निळ्यात आहे. डबा हॉलमध्ये घेऊ की."

"घ्या," आप्पा म्हणाले.

"पण अर्ज बंद करायला इथं सही लागेल. 'तक्रारदाराच्या मोजणीत चूक झाली.' चालेल ना?"

मुलगा जमिनीकडे बघू लागला. आप्पांनी पेन घेतलं. पेन कागदावर टेकलं, थांबलं. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं आणि पूर्ण नावानिशी, तारीख घालून, सही ठोकली.

"होते चूक," ते खाकरून म्हणाले. "माणूस आहे."

सुनेने वाकून त्यांना नमस्कार केला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मग तो बाजूला करून इंजिनिअरला विचारलं,

"दादा, या कागदाची एक प्रत मिळेल का हो? लग्नाला चाळीस वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकतेय."