बस घोड्यावर, अँब्युलन्स म्हशीवर

एकोणीसशे सत्त्याऐंशी साल. मी शाळेत भूगोल शिकवत होते आणि अजून कायम झाले नव्हते. जागा एकच रिकामी होती, आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेले आम्ही दोघं: मी आणि खेळाचे सर. वाहतूक सुरक्षा सप्ताहात तपासणीला मोठे साहेब येणार आणि तेच काय ते ठरवणार, असं कळलं. मी मुख्याध्यापिकाबाईंना ठणकावून सांगितलं, "बाई, भाषणं कुणीही करील. मी रस्ता दाखवते! चालत्या गाड्यांसकट!"

एवढा जोर माझ्या अंगात आला तो नवऱ्याच्या जिवावर. आमच्या ह्यांना रिमोटच्या गाड्यांचं वेड. चाकं, मोटर, बॅटरी असलेला खालचा सांगाडा म्हणजे चेसिस, आणि त्याला वरून टोपीसारखी घालायची ती बॉडी. चेसिस घरात दोनच, बॉड्या मात्र कपाटभर! लाकडाचा साचा करायचा, प्लॅस्टिकचा पत्रा माझ्या ओव्हनमध्ये मऊ करायचा आणि साच्यावर ओढायचा. ट्रक झाले, जीप झाली, एकदा तर चाकांवरचा बूट झाला. माझा केक मात्र त्या ओव्हनमधून आला की त्याला नव्या चपलेचा वास!

दोन चेसिसपैकी एक शर्यतीची, बटण दाबायच्या आत भिंतीला जाऊन धडकणारी. तिचं नाव घोडा. दुसरी चढ चढणारी, दमदार पण संथ. ती म्हैस. ह्यांचा अभिमान असा, की कोणतीही बॉडी कोणत्याही चेसिसवर बसते. सगळ्यांना भोकं एकाच मापाची. खुंटांवर ठेवा, पिना लावा, झालं!

बेत सोपा होता. शाळेची बस म्हशीवर, ती माझे धाकटे दीर चालवणार. अँब्युलन्स घोड्यावर, ती हे चालवणार. दोघंही पडद्याआड. बस सावकाश येऊन लाल दिव्याला थांबेल, रस्त्यात बाहुली पडलेली असेल, आणि अँब्युलन्स वाऱ्यासारखी धावून येईल. आठवडाभर आमच्या बैठकीत तालीम चालली. सगळं कसं तेल दिल्यासारखं!

कार्यक्रमाच्या सकाळी सासूबाईंची नजर गाड्यांवर पडली. "अगं, साहेबांसमोर ही धूळ न्यायची?" असं म्हणून त्यांनी पिना काढल्या, दोन्ही बॉड्या साबणाच्या पाण्यात बुचकळल्या, खसाखसा घासल्या, कोरड्या केल्या आणि परत चढवल्या. चपखल बसल्या. बसणारच, भोकं एका मापाची ना! फक्त बस गेली घोड्यावर आणि अँब्युलन्स म्हशीवर, आणि रिमोट चालवतो चेसिस, बॉडी नव्हे. आम्हाला हे कळलं संध्याकाळी. तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे पुढे गोंधळायला नको. गोंधळायला आम्ही होतो!

सभागृहाच्या फरशीवर मी खडूने रस्ते आखले होते. पहिल्या रांगेत साहेब, बाई आणि शिट्टी गळ्यात घातलेले खेळाचे सर. मागच्या रांगेत सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "चकाकी बघा गाड्यांची!"

मी छडी उचलली. "मुलांनो, बघा, बस हळूच निघते!"

बस जागची हलली नाही. कोपऱ्यातल्या खोक्यातून अँब्युलन्स मात्र न बोलावता घूं घूं करत बाहेर आली. पडद्याआडून ह्यांचा घाबरा आवाज आला, "अरे, माझी आधीच निघाली!" आणि तिला मागे घ्यायला ह्यांनी बटण दाबलं. झालं! बस उलटी सुटली आणि माझ्या घोट्यावर आदळली.

"दादा, माझी बस मागे का गेली?"

"मला काय विचारतोस! नीट चालव!"

दिरांनी घाबरून हात काढला. अँब्युलन्स भर चौकात थांबली.

"आता माझी अडकली!" हे ओरडले, आणि जीव खाऊन बटण दाबलं.

काय सांगू! बसने लाल दिवा उडवला, पडलेली बाहुली पुन्हा पाडली आणि थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली शिरली. बाई खुर्चीवर चढल्या. साहेबांचा चष्मा एका कानावर लोंबू लागला.

"अरे, थांबव ती बस!"

"दादा, आईशप्पथ, मी रिमोट जमिनीवर ठेवलाय!"

"मग माझी अँब्युलन्स का हलत नाही?" असं म्हणून ह्यांनी आणखी जोरात दाबलं!

मी छडी घेऊन बसमागे, बस मुलांमागे, मुलं वाट मिळेल तिकडे! शेवटी खेळाच्या सरांनी गोलरक्षकासारखी आडवी उडी मारली आणि बसला छातीशी कवटाळलं. चाकं तिथेही गरगरत होती. सरांची टाय त्यांत गुंडाळली गेली, पण त्यांनी बस सोडली नाही. टाळ्याच टाळ्या!

चष्मा सरळ करत साहेब म्हणाले, "अपघात तर झाला. अँब्युलन्स कुठाय?"

दिरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी रिमोट उचलून हळूच बटण दाबलं. अँब्युलन्स डुलत डुलत निघाली, बाहुलीच्या बाजूने गेली आणि तशीच पुढे दाराकडे चालू लागली.

"यातून काय शिकलात, मुलांनो?" साहेबांनी विचारलं.

मुलांच्या पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी उठली. "अँब्युलन्सची वाट बघू नये. चालत जावं!"

संध्याकाळी ह्यांनी पिना काढल्या आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. आतून सासूबाई म्हणाल्या, "काहीही म्हणा, गाड्या उठून दिसत होत्या!" खरं सांगायची छाती कुणाचीच झाली नाही.

ती जागा खेळाच्या सरांना मिळाली, 'प्रसंगावधान' दाखवल्याबद्दल. पुढे ते उपमुख्याध्यापक झाले, टाय मात्र पुन्हा कधी घातली नाही. दीर वाहन परवान्याच्या कचेरीत लागले आणि निम्म्या लोकांना नापास करून निवृत्त झाले. दोन वेण्यांची मुलगी डॉक्टर झाली. सासूबाई शेवटपर्यंत त्या दिवसाच्या चकाकीच्या गोष्टी सांगत होत्या. हे आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि माझा चौथा ओव्हन सध्या त्यांच्या ताब्यात आहे.

आणि मी? तीन वर्षांनी मीही कायम झाले. निवृत्त होईपर्यंत दर वाहतूक सप्ताहाला मला आठवडाभर भरपगारी रजा मिळायची.

अर्ज न करता!