पहिल्या मजल्यावरचा नाका

आमच्या बिल्डिंगमध्ये कुठलीही वस्तू परबकाकांना दाखवल्याशिवाय वरच्या मजल्यावर जात नाही. लिफ्ट नाही. जिना एकच, आणि पहिल्या मजल्यावर तो जिथे वळतो, तिथेच काकांचं दार. दार दिवसभर उघडं, दारात प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीत काका, आणि काकांच्या शर्टाच्या खिशाला पेन.

"काय घेऊन चाललीस, रेखा?"

"मेथी, काका."

"मेथीखाली काय आहे?"

मेथीखाली कांदे असतात. कांद्याखाली कधी मुलीसाठी घेतलेली नेलपॉलिशची बाटली असते, तीही दाखवावी लागते. मग काका हात वर करून म्हणतात, "जाऊ दे गाडी!" आणि आपण वर जायचं. लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी माझी पर्स उघडून दाखवली होती. मला वाटलं, सोसायटीचा नियम असेल.

काकांची सगळी नोकरी मुलुंडच्या जकात नाक्यावर गेली. ट्रक थांबवायचा, ताडपत्री वर करायला लावायची, खोकी उघडायची, आत काय आहे ते बघायचं, मग गाडी सोडायची. ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांनी जकातच बंद झाली. नाका उठला. काकांचा मात्र उठला नाही, सुट्टीपुरता पहिल्या मजल्यावर असायचा तो आता कायमचा तिथे आला. एकदा तिसऱ्या मजल्यावरचे सावंत गणपती घेऊन आले. मूर्तीच्या तोंडावर रीतीप्रमाणे रुमाल, मागे झांजा. काका खुर्चीतून म्हणाले, "आत काय आहे?" सावंत म्हणाले, "काका, बाप्पा!" काका घाईघाईने उठले, चप्पल काढली, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "जाऊ दे गाडी." आम्ही हसून हसून बेजार झालो. ते स्वतः हसले नाहीत.

त्यांचा नाका फक्त एक माणूस चुकवत असे. त्यांची एकुलती एक मुलगी, सुजाता. ती बोरिवलीला राहते, वर्षातून दोनदा येते, गणपतीत आणि दिवाळीत. खांद्याला मोठी कापडी बॅग असते. काका विचारतात, "काय आणलंयस?" ती म्हणते, "काही नाही, बाबा." मग दोन तास ती बॅग मांडीवर घेऊन बसते, चेन बंद. काकू आग्रह करकरून वाढतात, ती थोडं खाते आणि निघून जाते. ती जिना उतरते तेव्हा काका काही विचारत नाहीत. मला वाटायचं, शिष्ट आहे बाई.

तर अशा माणसाला गेल्या वर्षी, सदुसष्टाव्या वर्षी, छंद लागले.

सुरुवात माउथ ऑर्गनने झाली. दिवाळीनंतर घराला रंग काढला, सगळं सामान हललं, आणि दुसऱ्याच आठवड्यात खालून सूर येऊ लागले. सूर म्हणणं माझा चांगुलपणा. बाजा जुना होता, त्याचा 'म' वाजतच नव्हता. सा रे ग, मग नुसता वाऱ्याचा आवाज, मग प. सकाळी सात ते आठ, रोज. माझ्या सासूबाईंच्या जपात तो आवाज शिरला, त्या म्हणायच्या, "हा 'म' कधी वाजणार गं?" मी खाली जाऊन काकांना म्हटलं, "नवीन घ्या ना, काका. चांगले मिळतात."

"नवीन नको. हाच शिकायचाय," काका म्हणाले.

चार महिन्यांनी बाजा वाजायचा बंद झाला. सासूबाईंना उलट चुकल्यासारखं झालं. मग रंग आले. स्टेशनच्या बाजूला लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग आहे, तिथे काका जाऊ लागले. आठ-दहा वर्षांच्या पोरींच्या रांगेत बुटक्या बाकावर बसायचे. शिकवणारी मुलगी तेवीस वर्षांची, ती वर्गात आली की काका उठून उभे राहायचे आणि "गुड इव्हिनिंग, मॅडम" म्हणायचे. त्यांना बघून पोरीही उठू लागल्या. मॅडम म्हणे वर्गात शिरायलाच लाजायला लागली. काका चित्रं काढायचे फक्त ट्रकची. जन्मभर तेच समोर उभे राहिले, दुसरं काय हातातून उतरणार? एकदा मला समोर बसवून माझं चित्र काढलं. ते टेम्पोसारखं आलं. मी ते कुणाला दाखवलेलं नाही.

मग काड्यापेट्यांचे छाप. एका शाळकरी वहीत जुने छाप चिकटवलेले होते, ती वही काकांना पूर्ण करायची होती. पानाच्या टपरीवर जाऊन ते म्हणायचे, "वेगळी काडेपेटी आहे का? वाघाची, बदकाची, कसलीही?" पानवाला म्हणायचा, "काका, अब सब लायटर लेते हैं." ऊन-पाऊस न बघता म्हातारा ठाण्यापर्यंत फिरला. एका महिन्यात चार छाप मिळाले.

काकू मालवणच्या बाजूच्या, चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी बोली सुटलेली नाही. गॅलरीत भेटल्या की कपाळाला हात लावायच्या. "अगो रेखा, बाजो झालो, रंग झाले, आता पायांक चाकां लावन फिरतले म्हणे! ह्यांका काय झालाहा काय कळणा नाय."

चाकं खरंच आली. गणपती होऊन गेले होते. सकाळी सहाला दूध आणायला मी खाली उतरले, तर पार्किंगमध्ये पाण्याच्या पंपाला टेकून काका जमिनीवर बसलेले. पायात कॅनव्हासचे बूट, बुटांना पट्ट्यांनी बांधलेले लोखंडी स्केट्स. पूर्वी मिळायचे तसे, चावी फिरवून लांबी वाढवायचे. डावं मनगट उजव्या हातात धरलेलं.

"काका! वय काय आपलं? हाड मोडलं तर काकूंनी काय करायचं?"

"हळू बोल. तिला कळेल," काका म्हणाले.

मी त्यांना उठवलं, आमच्याकडे नेलं, मनगटाला पट्टी बांधली आणि बांधताना तोंडाचा पट्टा सोडला. जे मनात होतं ते सगळं बोलून घेतलं. बाज्यापासून सुरुवात केली. स्केट्स टेबलावर ठेवले होते. त्यांच्या एका पट्टीला सुतळीने पुठ्ठ्याचं लेबल बांधलेलं दिसलं. पिवळं पडलेलं. मी ते उलटं करून वाचलं.

"जप्त. इयत्ता नववी. सहामाहीत गणितात एक्केचाळीस. माल : चाकाचे बूट, एक जोड." खाली काकांची सही. तिच्या शेजारी आणखी एक सही, निळ्या शाईत, शाळेतल्या मुलीच्या गोल अक्षरात. सुजाता व. परब.

मी ते लेबल त्यांच्यासमोर धरलं.

"ज्याचा माल त्याची सही घ्यावीच लागते," काका म्हणाले. "तशी पद्धतच असते नाक्यावर." मग म्हणाले, "तिचा मामा आणून द्यायचा एकेक. पाचवीत बाजा. सहावीत रंगपेटी. ती वही तिची तिने केलेली. मार्क कमी पडले की मी एक वस्तू उचलायचो. म्हणायचो, चांगले मार्क आण, सोडवून ने. पुढे तिला नव्वदच्या वर मिळाले गं. पण ती मागायला आली नाही. आणि मीही विसरलो. सगळं माळ्यावर राहिलं. रंग काढताना खाली आलं."

"मग देऊन टाका ना तिला."

"द्यायचंच आहे. येत्या दिवाळीला." काकांनी स्केटचं एक चाक बोटाने फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. "नाक्यावर मी कधी खोकं उघडल्याशिवाय शिक्का मारला नाही, रेखा. चाळीस टनांचा ट्रक असो, आत काय आहे ते बघितलं. आणि घरात चार वस्तू धरल्या, एक उघडून बघितली नाही. काय होतं त्यात, पोरीला काय एवढं वाटायचं, ते माहीत नसताना परत कशी करू?"

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. अकरा वर्षांच्या मुलीकडून तिच्याच रंगपेटीच्या जप्तीवर सही घ्यायची, हे कुठल्या बापाला सुचतं? पण माझ्या कपाटावर तेव्हा माझ्या मुलीचा बास्केटबॉल पडला होता, दहावीचं वर्ष म्हणून. मी फक्त लेबल लावलं नव्हतं. काका गेल्यावर मी स्टुलावर चढून तो खाली काढला.

दिवाळीला सुजाता आली. मी फराळाचं ताट घेऊन खाली गेले, ताटावर रुमाल होता. काका दारातच होते, पण रुमालाखाली काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की म्हातारा घाबरलाय.

आत टेबलावर चारही वस्तू मांडलेल्या होत्या, लेबलांसकट. सुजाता उभी होती. खांद्यावरची बॅग तिने काढलीही नव्हती. मी ताट ठेवून निघत होते, पण काकूंनी माझा हात धरला. "तू बस गो," त्या पुटपुटल्या. त्यांनाही सोबत हवी होती.

"हे अजून आहे?" सुजाता म्हणाली. तिने रंगपेटीचं लेबल उचललं आणि वाचलं. मग बाज्याचं. मग वहीचं. "ही माझी सही."

"हो," काका म्हणाले.

"टाकून का नाही दिलंत?"

"जप्त माल टाकता येत नाही."

"आता मी काय करू ह्याचं, बाबा? एक्केचाळीस वर्षांची आहे मी. तेव्हा रात्र रात्र रडले. आई तुम्हाला सांगायची, तुम्ही म्हणायचात, नियम तो नियम. आता टेबलावर मांडून ठेवलंत. काय, मी थँक्यू म्हणू?"

तिचं बरोबर होतं. काकांनी बोलायचं पाठ केलं असणार, कारण खिशातला एक कागद त्यांनी अर्धा बाहेर काढला. मग तो परत आत ठेवला.

"काही म्हणू नकोस," ते म्हणाले. "मी वर्षभर बघितलं सगळं. वाजवून, रंगवून. म्हातारपणी जमतं तेवढं. चांगलं होतं गं सगळं. मी उगाच अडवून ठेवलं."

सुजाताने एक स्केट हातात घेतला. पुढचा भाग शेवटच्या खाचेपर्यंत ओढलेला होता, मोठ्या माणसाच्या पायाइतका.

"हे पण?" तिने विचारलं. "हे तुम्ही घातलेत?"

"सात येळा आपटले," काकू म्हणाल्या. "आठवी येळ माझ्यापासून लपवन ठेवल्यानी."

सुजाताने काकांच्या मनगटाकडे बघितलं. पट्टी केव्हाच सुटली होती, पण हात अजून थोडा वाकडा धरत होते ते. तिचं तोंड हसल्यासारखं झालं आणि लगेच रडल्यासारखं.

"चावी कुठेय?"

काकांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून ती काढून दिली.

"चला खाली."

दुपारची वेळ होती. पार्किंगमध्ये फुलबाज्यांच्या जळक्या तारा पडल्या होत्या, त्या मी पायाने बाजूला केल्या. सुजाता फरशीवर गुडघे टेकून बसली आणि तिने चावीने स्केट्स बापाच्या बुटांना घट्ट बसवले, पट्ट्या बांधल्या, ओढून बघितल्या, एक पुन्हा बांधली. मग दोन्ही हात धरून त्यांना उभं केलं.

"गुडघे वाकवा. पायाकडे नाही, माझ्याकडे बघा."

"तुला येतं अजून?"

"अकरा दिवस तर मिळाले होते मला. तेवढं येतं."

ती उलटी चालत होती आणि काका तिच्या हातांना धरून तिच्याकडे सरकत होते, पंपापासून गेटपर्यंत. काकांचं तोंड इतकं गंभीर होतं, जणू चाळीस टनांचा ट्रक तेच झाले होते. गेटपाशी वॉचमनने खुर्चीतून उठून हात वर केला आणि ओरडला, "जाऊ दे गाडी!" जिन्यात बघत उभे असलेले सगळे हसले. काकूंनी पदर तोंडावर धरला. काका या वेळी हसले, आणि हसताना त्यांचा तोल गेला तसं सुजाताने त्यांना कवेत धरलं.

मग दोघं जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. काकांना धाप लागली होती, स्केट्स पायातच होते. मी वरच्या पायरीवर होते. उठून जायला हवं होतं, पण गेले नाही.

सुजाताने बॅग मांडीवर घेतली आणि चेन उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मातीचा कप बाहेर काढला. कडेला थोडा कललेला, कान वाकडा.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "रविवारी जाते, मातीकामाच्या वर्गाला. दर वेळी तुम्हाला दाखवायला काहीतरी घेऊन येते, आणि दर वेळी परत घेऊन जाते."

काकांनी कप घेतला. चहूबाजूंनी फिरवून बघितला, उलटा करून बुडाला हात लावला, कानात बोट घालून बघितलं. मग सवयीने त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. तो तिथेच थांबला आणि खाली आला.

"अजून काय आहे गं आत?" त्यांनी विचारलं. नाक्यावरच्या आवाजात नाही, अगदी हळू.

सुजाताने बॅग उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.