भरलेले ठिपके

सांगा, तुम्ही विश्वास कशावर ठेवाल, मोबाइलच्या पडद्यावर की कागदावर? आमच्या बार्शीत कागदावर ठेवतात, कारण इथे फोटोची प्रिंट चांगली निघाली की त्यातला माणूस बोलतो.

यात माझी काही करामत नाही. माझं आधी बांगड्यांचं दुकान होतं. फोटोचं काम मी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत ऐकत शिकलो. गोष्ट साधी आहे. कॅमेऱ्याने टिपलेले ठिपके कागदावर दाट बसले की माणसाला सगळं आठवतं. विरळ झाले की तो विसरायला लागतो. आणि या मोबाइलवरून त्या मोबाइलवर ढकलत आलेला फोटो असला, तर निम्मे ठिपके वाटेतच गळालेले असतात. पेठेतल्या एका सुनेने लग्नाचा तसला फोटो हट्टाने भिंतीएवढा करून नेला. फ्रेममधल्या नवरदेवाने तिला अदबीने विचारलं, "आपण मुलीकडच्या का?" ती फ्रेम आता माळ्यावर असते.

तर मागच्या उन्हाळ्यात कुमुदिनीबाई येलपले दुकानात आल्या. शिवणकाम करतात. नवरा, भालचंद्र, जाऊन वर्ष होत आलं होतं. बरोबर धाकटे दीर सुरेंद्र होते.

"शेठ, वर्षश्राद्धाला लावायचाय. चांगला दरवाजाएवढा करा," दीर म्हणाले.

बाईंनी पदराची गाठ सोडून कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. "ह्यांचा एवढा एकच फोटो आहे. मला मोठाबिठा नको. मला ओळखलं पाहिजे, बास."

"वहिनी, दादा तुम्हाला नाही ओळखणार तर कुणाला?"

"जाताना ओळखलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "नर्सला विचारलं, ही बाई कोण उभी आहे."

मी कार्ड लावलं. फोटो अस्सल होता, पण कॅमेरा जुना, ठिपके पोस्टकार्डापुरतेच. दरवाजाएवढा करायचा तर मधले ठिपके कॉम्प्युटरला स्वतःच्या मनाने भरावे लागणार. मी तसं स्वच्छ सांगितलं. दीर म्हणाले, भरा. मी म्हटलं, मोठी आणि लहान, दोन्ही प्रिंट काढतो, पसंत पडेल ती न्या. पडद्याचा उजेड कागदावर दिसतो तेवढाच ठेवला, जाड मॅट कागद घातला, कडा कापल्या जाऊ नयेत म्हणून बाजूला पांढरी पट्टी सोडली. कडेला माणसाचा खांदा असतो, तो गेला की आवाज बसतो.

मोठी प्रिंट आधी बोलली.

"कुमुद, आलीस? महाबळेश्वरला धुक्यातून तुझा हात धरून चाललो होतो बघ. तू दमलीस, तेव्हा म्हटलं होतं, तुझ्याशिवाय मला करमत नाही."

प्रिंटमधून धुकं उतरलं आणि दुकानात गारवा पसरला. काउंटरच्या काचेवर दव धरलं. भर मे महिन्यात दीरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"आम्ही महाबळेश्वरला कधी गेलो नाही," बाई हळू म्हणाल्या.

"ते भरलेल्या ठिपक्यांतलं आहे," मी म्हटलं.

"म्हणजे खोटं बोलतायत?"

"खोटं नाही, बाई. न घडलेलं."

"काय बिघडलं?" दीर म्हणाले. "ओळखतोय, गोड बोलतोय. हयातीत एवढं बोलला होता का कधी?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि बराच वेळ त्या धुक्याकडे बघत राहिल्या.

मग लहान प्रिंट वाळली. तळहातावर मावेल एवढी. भालचंद्र उन्हाने डोळे बारीक करून उभे. बाईंनी ती उचलून डोळ्यांजवळ धरली. आतून काही येईना. दीर खाकरले. मी उगाच कागदाचं रीळ सारखं केलं.

"चष्मा कुठं टाकलास?" प्रिंटमधून आवाज आला. "दोरा ओवताना डोळे फोडून घेशील, कुमे."

बाई स्टुलावर टेकल्या. "ओळखलं," त्या दीरांना म्हणाल्या, आणि पिशवीत चष्मा शोधायला लागल्या.

श्राद्धाला लहान प्रिंटच लागली. पाहुण्यांना रांगेने वाकून बघावं लागलं. भालचंद्रांनी एकेकाला नावाने विचारलं, जेवून जाणार ना म्हणून. मोठ्या फोटोचा आग्रह धरणारे दीर मग पंगतीत वाढायला लागले.

मोठी प्रिंट माझ्याकडेच राहिली. दुपारी धुकं जरा जास्त उतरतं, तेव्हा मी काच पुसून घेतो. बाजारच्या दिवशी बाई येतात, समोर बसून महाबळेश्वर ऐकतात आणि ओलसर केसांनी घरी जातात.

"घरच्या लहान फोटोतल्या त्यांना हे सांगता का?" मी एकदा विचारलं.

"सांगते की. म्हणतात, खुशाल जाऊन ये. फक्त ते माझ्या नावावर मांडू नकोस."

माणूस चोख होता. तेव्हा तुम्हीही फोटो घेऊन या, मोठा करा, लहान करा, माझी ना नाही. टिपलेलं कोणतं आणि भरलेलं कोणतं, तेवढा हिशेब मात्र खरा ठेवा.