मंगळवारच्या ग्रुपवर प्रकरण सतरावं

बाळ मांडीवर झोपलं की लेखिकेला हलता येत नसे. खाली ठेवायला गेलं की ते लगेच डोळे उघडायचं. म्हणून दुपारचे दोन तास ती पलंगावर पाठीशी उशी घेऊन बसून असायची. एक हात बाळाच्या मानेखाली, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या मुठीत. अशात लिहायचं कसं, यावर तिने एक उपाय काढला होता. फोन उशीला टेकवायचा, माइकचं बटण दाबायचं आणि कादंबरी कुजबुजायची. फोन ती टाइप करून घ्यायचा आणि ती स्वतःलाच मेसेज करून ठेवायची.

कादंबरी प्रेमाची होती आणि जादूचीही. पंख असलेला एक युवराज एका मुलीला पळवून डोंगरावरच्या बुरुजात ठेवतो आणि पुढे स्वतःच तिच्यात अडकतो. गेली सहा वर्षं ती अशा गोष्टी टोपणनावाने एका वाचनाच्या ॲपवर लिहीत होती. नवऱ्याला माहीत होतं, सासूबाईंना नव्हतं. त्या बाळंतपणाला म्हणून आल्या होत्या आणि सून दिवसभर फोनशी काहीतरी पुटपुटते, एवढंच त्यांना दिसत होतं. बाळ झाल्यापासून साडेतीन महिन्यांत एकही प्रकरण गेलं नव्हतं. संपादकबाईंनी आता शुक्रवारची मुदत दिली होती.

तिच्या फोनवर दोन ग्रुप होते. एक लिहिणाऱ्यांचा. तिथे कुणालाच मूल नव्हतं आणि सगळे संध्याकाळी सहाला बोलायला जमायचे, नेमकं बाळ रडायला लागायचं तेव्हा. दुसरा लसीकरण केंद्रातल्या सिस्टरांनी काढलेला, 'मंगळवार लस' नावाचा. तिथे वजन, ताप आणि शी यांच्यापलीकडे विषय जात नसे. पहिल्या ग्रुपवर ती आई म्हणून गप्प राहायची, दुसऱ्यावर लेखिका म्हणून. एकूण गप्पच.

सोमवारी दुपारी सिस्टरांनी विचारलं, "उद्या कोण कोण येतंय?" लेखिकेने अंगठ्याने "मी" असं लिहिलं, आणि ग्रुपमधून बाहेर यायचं विसरून तिथेच माइक दाबून सतरावं प्रकरण सुरू केलं. बाळ उठू नये म्हणून आवाज अगदी खाली. त्यामुळे बुरुज, युवराज, मायावी असले शब्द फोनला धड ऐकूच गेले नाहीत. काही त्याने गाळले, काही आपल्या ओळखीचे करून घेतले. फोनला जादू कळत नव्हती. घर मात्र नीट कळत होतं.

ग्रुपवर मेसेज पडला तो असा:

"त्याने मला इथे आणून आठ महिने झाले. खिडकीतून एकच झाड दिसतं. त्याची आई दारापाशी बसून असते, मी बाहेर पडू नये म्हणून. इथे मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नाही. आज तो पंखा पसरून दारात उभा राहिला की मी त्याला सांगणार आहे, मला सोड, नाहीतर मी खाली उडी घेईन."

पाठवून झाल्यावर लेखिकेने डोळे मिटले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी बरं लिहून झालं होतं. तिला तशीच बसल्या बसल्या झोप लागली.

 ग्रुपवर एकीने विचारलं, "पंखा पसरून म्हणजे?" दुसरीने लिहिलं, "फेकून मारत असेल गं." तिसरीने लिहिलं, "कितव्या मजल्यावर राहते ती?" त्यावर सिस्टरांचा मेसेज आला, "कुणी काही लिहू नका. तिचा फोन तिच्याच हातात असेल असं नाही. पत्ता रजिस्टरमध्ये आहे. मी निघते." ग्रुपमधली, केंद्रासमोरच राहणारी जुळ्यांची आई लगेच खाली आली. मुलं बहिणीकडे ठेवून, साडीला दुधाचा डाग तसाच घेऊन ती सिस्टरांच्या स्कूटरवर मागे बसली.

तिसऱ्या मजल्यावर घराचं दार उघडं होतं आणि दारापाशी खुर्ची टाकून एक बाई मटार सोलत बसल्या होत्या. सिस्टरांनी जुळ्यांच्या आईकडे पाहिलं. जुळ्यांच्या आईने मान हलवली.

"तुम्ही त्याची आई का?" सिस्टरांनी विचारलं.

"कुणाची?"

"तुमच्या मुलाची."

सासूबाईंनी जरा विचार केला. "हो," त्या म्हणाल्या.

"इथे रोज बसता?"

"रोजच. इथे वारा येतो."

"सून कुठे आहे?"

"आत. आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका."

"आम्हाला तिला भेटायचंय. एकटीला," सिस्टर म्हणाल्या आणि चपला काढून थेट आत शिरल्या. केंद्रात इंजेक्शन घेऊन येताना त्या जशा चालतात तशाच.

लेखिका जागी झाली तर समोर सिस्टर. तिला वाटलं, लसीची तारीख चुकली. पण सिस्टर पलंगावर टेकल्या, बाळाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "तू कशी आहेस?"

आजवर जो तो विचारायचा ते बाळ कसं आहे. दूध पितं का, झोपतं का, कुणावर गेलंय.  ती "बरी आहे" म्हणायला गेली आणि तिला रडू फुटलं. आवाज न करता, बाळ हलू नये अशा बेताने ती रडत राहिली.

"बघितलंत?" जुळ्यांची आई म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते.

नेमका तेव्हा नवरा आला. बाळाला घामोळं झालं होतं म्हणून तो ऑफिसातून लवकर निघून, दुरुस्तीला टाकलेला टेबल फॅन घेऊन आला होता. तो दोन्ही हातांनी छातीशी धरून दारात उभा राहिला.

जुळ्यांची आई पलंगाच्या आणि त्याच्या मध्ये आली. "तो पंखा खाली ठेवा."

"कुठे?"

"आहे तिथेच."

"तिथे वायर पुरणार नाही," नवरा म्हणाला.

"आमच्याकडे सगळं लेखी आहे," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी फोन पुढे केला. नवऱ्याने वाचलं. त्याच्या खांद्यावरून सासूबाईंनी वाचलं. लेखिकेने सर्वांत शेवटी वाचलं, आणि तिचं रडं एकदम थांबलं.

"ही गोष्ट आहे," ती म्हणाली. "मी लिहिते. पंखा नाही, पंख. त्याला पंख आहेत."

"कुणाला?"

"युवराजाला."

सिस्टरांनी नवऱ्याच्या पाठीकडे एकवार नजर टाकली.

"आणि दारापाशी बसते ती?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या हातात अजून मटारची एक शेंग होती. "ती मी का?"

"नाही हो आई. ती राक्षसीण आहे."

हे बोलून झाल्यावर लेखिकेला कळलं की यात फारशी सुधारणा झालेली नाही.  सासूबाईंनी शेंग सोलली, दाणे पदरात टाकले आणि म्हणाल्या, "मी तिथे बसते ते तुला एकटं बसावंसं वाटत असेल म्हणून. तू फोनशी बोलायचीस. मला वाटायचं, माझ्याबद्दल कुणाला तरी सांगतेस."

"मी कुणालाच काही सांगत नव्हते," लेखिका म्हणाली.

 सासूबाईंनी बाळाला अलगद उचललं. ते उठलं नाही. लेखिका तीन महिन्यांनी दुपारची पलंगावरून उठली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी केंद्रात जायची तिला लाज वाटत होती, पण लस चुकवून चालणार नव्हतं. टोचून झाल्यावर अर्धा तास बसून राहावं लागतं. बाकावर तिला धरून सात जणी होत्या.  एकीने विचारलं, "मग घेते का ती उडी?"

लेखिकेने पुढचं वाचून दाखवलं: नायिका उडी घेत नाही, तिला बाळ होतं आणि ती घोड्यावरून पळून जाते. ऐकताना एकीने मध्येच थांबवलं. "बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी घोड्यावर? टाके उसवतील की."

"जादू आहे ना," लेखिका म्हणाली.

"जादू त्याच्याकडे आहे. टाके तिचे आहेत."

तिने घोडा काढून टाकला. युवराजाने बाळाला उचलायला काय हरकत आहे, पंख आहेत तर निदान वारा घालेल, असंही ठरलं. सहा वर्षांत तिच्या लेखनावरून इतकं कळकळीने कुणी भांडलं नव्हतं.

निघताना जुळ्यांची आई तिच्या बाजूने चालत होती. एक मूल पुढे बांधलेलं, एक कडेवर. "तुला एक सांगू?" ती म्हणाली. "काल मी तुला सोडवायला नव्हते आले. तो मेसेज वाचला आणि मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी लिहिलं एकदाचं. सिस्टरांनी 'मी निघते' लिहिलं, तर मीच आधी खाली उतरले होते."

लेखिकेने तिच्या कडेवरचं मूल घेतलं. दोघी तशाच रस्त्याच्या टोकापर्यंत गेल्या.

प्रकरण शुक्रवारी गेलं. त्यापुढच्या मंगळवारी लस कुणाच्याच बाळाला नव्हती, तरी सातही जणी बाकावर हजर होत्या, आणि बाळाला घेऊन सासूबाईही. सिस्टरांनी रजिस्टर उघडलं, पेन थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि सगळ्यांच्या नावापुढे 'वजन' असं लिहिलं. तेव्हापासून दर मंगळवारी, जुळी धरून, त्या आठ बाळांची वजनं होतात. वरच्या ऑफिसातून एकदा विचारणा झाली की याच बाळांवर एवढं लक्ष का. सिस्टरांनी कळवलं, वाढ समाधानकारक आहे, पण देखरेख चालू ठेवावी लागेल.